ओढ्यापलीकडच्याही

मसुदा आला सोमवारी, दोनशे बारा पानांचा,
नागाळा पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथं पंखा लावला की
चौऱ्याऐंशी सालापासूनचे गठ्ठे खोकायला लागतात.
शीर्षक: पुढची वीस वर्षं.
खाली ठळक अक्षरांत: अभिप्राय आठ दिवसांत.

मी हसलो नाही. ती सवय
मागच्या धोरणातच मोडली.
तक्ता आखला, पाच रकाने:
प्रकरण, परिच्छेद, ओळ,
आहे तो मजकूर, हवा तो मजकूर.
शाळांचे कागद येत राहिले
एकाच पेनानं लिहिल्यासारखे:
धोरण स्तुत्य आहे. अंमलबजावणी व्हावी.
पलीकडच्या टेबलावरून कुलसुम मुल्लाणी म्हणाली,
"स्तुत्य किती झालं ओ?"
"एकशे चाळीस."
"मग च्या सांगा की."

शुक्रवारी भुदरगडच्या एका धनगरवाड्यावरून लखोटा.
वहीचं पान, कोपऱ्याला काकवीचा डाग,
चौथीतल्या मंगल झोरेचं अक्षर,
शेजारी बाईंची सही: मुलीने स्वतः लिहिले आहे.

'आमचा साकव तीन सालामागं व्हावून गेला.
जून ते सप्टेंबर बाई येत न्हाईत. त्यांचा दोष न्हाई.
तुमच्या वीस वर्षांत हे महिने धरल्यात
का सोडल्यात?'

पान उलटून पाहिलं. मागं कोरं.
पेन्सिलीनं मांडलं तिथंच:
चार गुणिले वीस, ऐंशी महिने,
म्हणजे सहा वर्षं आठ महिने.
तिसरा हिस्सा गेला की पाण्यात,
अजून मसुदा मंजूरसुद्धा नाही.

साकवाला रकाना नव्हता.
साकव बांधकामचा, दुसऱ्या मजल्यावर,
आणि दुसरा मजला म्हणतो,
मागणी शिक्षणकडून आली पाहिजे.

माझे वडील तालमीत हौद्याची माती खणायचे,
पहाटे चारला, ताक-हळद-लिंबू कालवून.
स्वतः कधी लंगोट बांधला नाही.
पोरगं घडायला बारा वर्षं लागतात,
हे वस्तादांनी कुठं लिहून ठेवलं नव्हतं.
रात्री दिवा मालवताना
ते एवढंच विचारायचे:
उद्या माती कोण खणतंय?

मसुदा परत उघडला.
प्रकरण चार, परिच्छेद दोन, ओळ तिसरी:
'सर्व मुलांपर्यंत दर्जेदार शिक्षण पोहोचेल.'
पाचव्या रकान्यात टाईप केलं:
'सर्व' या शब्दापुढे
'ओढ्यापलीकडच्याही' हा शब्द घालावा.

पाटोळे साहेबांनी लाल पेन उचललं.
"सर्व मध्ये ते आलंच की, लेका."
"मुलं आली साहेब. ओढा नाही आला."
पेन तसंच हवेत.
"पाणी किती असतंय तिथं?"
मी म्हटलं, "माहीत नाही.
मी गेलो नाही कधी."

एकतीस वर्षं.
त्या वाडीची हजेरी दर महिन्याला माझ्याच हातून गेली,
पावसाळ्यातली सुद्धा.
शंभर टक्के लिहिलेली असायची,
मी खाली गोल शिक्का मारायचो.

साहेबांनी ओळ खोडली नाही, बरोबरची खूणही केली नाही.
शेजारी एक ठिपका दिला, नि चष्मा पुसत बसले.
तक्ता पुण्याला गेला, जावक क्रमांक तीन हजार एकशे सतरा.
त्याच दुपारी दुसरा कागद केला, चार ओळींचा,
विषय: साकव. मागणी: शिक्षण विभाग.
शिपायाकडं दिला नाही,
जिना उतरून स्वतः घेऊन गेलो.
पोच घेतली.

मे अखेर मी निवृत्त.
काल कुलसुमला ती पोच दाखवली,
म्हटलं, दर सोमवारी खाली जायचं,
काय झालं विचारायचं,
उत्तर तारखेसकट वहीत लिहायचं.

"असं किती दिस?" ती म्हणाली.

मी मसुद्याचं पहिलं पान
तिच्याकडं फिरवून ठेवलं.